रिपोर्टमध्ये नसलेली रेघ

मी डॉक्टर नाही, हे मला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की आता कुणी गाव विचारलं तरी आधी तेच तोंडातून बाहेर पडेल असं वाटतं. मी सीटी स्कॅनची टेक्निशियन. बऱ्हाणपूरच्या एका खाजगी सेंटरमध्ये मी अकरा वर्षं काम केलं. पेशंटला टेबलावर निजवायचं, डोकं सरळ करून पट्टा बांधायचा, मशीन चालवायचं, आलेली चित्रं फिल्मवर काढायची. त्या चित्रांत काय आहे हे सांगायचं काम माझं नाही. नियम म्हणून हे बरोबरच आहे, आणि नियम मोडायची मला कधी हौस नव्हती. पण अकरा वर्षं रोज डोळ्यांसमोरून माणसांची डोकी जात असतील तर हळूहळू दिसायला लागतं. दिसल्यावरही गप्प बसायचं, हे नोकरीतच धरलेलं असतं, एवढं मात्र मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

लकव्याचा संशय असलेला पेशंट आला की आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर एकच प्रश्न असायचा. ब्लीडिंग आहे का? मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तो सीटीत पांढऱ्या डागासारखा लगेच दिसतो. शेंबडं पोरही सांगेल. पण बहुतेक लकवे रक्तस्रावाचे नसतात. नस तुंबते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, आणि तो भाग मरायला लागतो. मेलेला भाग सीटीत काळपट दिसतो खरा, पण त्याला कित्येक तास लागतात. पहिल्या दोन-तीन तासांत चित्र वरवर अगदी साधं दिसू शकतं. म्हणजे ज्या वेळात काही करता येण्यासारखं असतं, नेमक्या त्याच वेळात सीटी म्हणते की काही नाही.

तरी एक गोष्ट कधी कधी दिसते. ती मला इंदूरला कोर्स करताना एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दाखवली होती. मेंदूच्या तळाशी, मधल्या भागातून दोन मोठ्या नसा निघतात, एक डाव्या बाजूला जाते, एक उजव्या. साध्या सीटीत त्या राखाडी असतात, शोधल्या तर सापडतात. नसेत गुठळी अडकली की तेवढा तुकडा पांढरा दिसतो, कारण गोठलेलं रक्त वाहत्या रक्तापेक्षा दाट असतं. काडीएवढी रेघ. ते डॉक्टर आम्हाला म्हणायचे, "पहले दूसरी तरफ देखो." दोन्ही बाजूंच्या नसा सारख्याच पांढऱ्या असतील तर घाबरायचं कारण नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असेल, रक्त घट्ट असेल. म्हाताऱ्या माणसाच्या नसेच्या भिंतीत चुना साचतो, तोही पांढरा दिसतो. पण एकच बाजू पांढरी असेल, आणि पेशंटचा विरुद्ध बाजूचा हात पडलेला असेल, तर चहा प्यायला जायचं नाही. डॉक्टरला बोलावायचं.

मी हे मनावर घेतलं, आणि एकदा तोंडघशीही पडले. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका चक्कर येते म्हणून आले होते. त्यांची एक नस मला पांढरी दिसली आणि मी धावत शेजारच्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांकडे गेले. ते आमच्याकडे सगळ्यात जास्त पेशंट पाठवणारे फिजिशियन. निघाला चुना. काका दुसऱ्या दिवशी सायकलवर बाजारात दिसले. त्यानंतर महिनाभर हे डॉक्टर मला पाहिलं की म्हणायचे, "मैडम, आज कौन सी नस सफेद है?" सगळे हसायचे, मीही हसायचे. चूक माझी होतीच. पेशंटला नुसती चक्कर होती, हातापायात काहीच कमी नव्हतं, हे मी पाहायला हवं होतं. पण त्या हसण्याने मला जे शिकवलं ते चुकीचं शिकवलं. नीट बघ, असं नाही शिकवलं. बोलू नकोस, असं शिकवलं.

ती बाई आली तो मार्चमधला दिवस होता, सकाळचे नऊ वाजले असतील. फोपनारची, वय चाळिशीच्या अलीकडचं. घरची केळीची शेती. तिच्याबरोबर नवरा आणि सासू. केळीच्या पिकअपमध्ये मागे गोधडी टाकून तिला आणलं होतं, आणि तिच्या केसांत वाळलेल्या केळीच्या पानांचा चुरा अडकलेला होता. डोकं टेबलावर ठेवण्याआधी मी तो काढला.

काय झालं ते सासूनेच सांगितलं. आठाच्या सुमाराला सून गोठ्याशी पाणी भरत होती. बादली हातातून सुटली. सासूला वाटलं, घसरली असेल. हाक मारली तर सून नुसती बघत राहिली. "मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, बाई," सासू म्हणाली, "अन् पोराले सांगितलं, आधी गाडी काढ. चहा नको, देव नको, काही नको. आधी गाडी."

हे मी मुद्दाम सांगते. कारण आमच्या धंद्यात एक वाक्य फार ऐकू येतं, की खेड्यातले लोक उशिरा येतात. झाडपाला करतात, मांत्रिकाकडे नेतात, मग येतात. या घराने काहीच केलं नव्हतं. एका तासात ते शहरात पोचले होते. त्यांच्याकडून जे व्हायला हवं होतं ते सगळं त्यांनी केलं होतं.

शेजारच्या डॉक्टरांनी तिला तपासून चिठ्ठी दिली होती. लकव्याचा संशय, ब्लीडिंग नाही ना ते पाहा. मी तिला टेबलावर घेतलं. उजवा हात बाजूला लोंबत होता. ती डाव्या हाताने तो उचलून पोटावर ठेवायची, तो पुन्हा घसरायचा, ती पुन्हा उचलायची. दुसऱ्या कुणाचा हात आपल्याजवळ राहून गेल्यासारखी. मी विचारलं, "नाव काय तुमचं?" तिने तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं. तिला सगळं समजत होतं, एवढं मला कळलं.

स्कॅनला दोन मिनिटं लागली. रक्तस्राव नव्हता. मग मी तळाच्या चित्रांवर आले आणि थांबले. पेशंटची डावी बाजू आपल्याला पडद्यावर उजवीकडे दिसते. तिथे रेघ होती. दुसऱ्या बाजूला बघितलं. तिथली नस राखाडी, नेहमीसारखी. मला पोस्टातले काका आठवले. बाई चाळिशीची, चुना साचायचं वय नव्हे. मशीनमधून पातळ काप काढले, कारण जाड कापांत अशी बारीक गोष्ट अर्धी पुसली जाते. पातळ कापांत ती आणखी ठळक झाली. कर्सर ठेवून दोन्ही बाजूंचा दाटपणाचा आकडा पाहिला. डावीकडचा चांगलाच जास्त होता. उजवा हात गेलेला, बोलणं गेलेलं, आणि डाव्या मेंदूची मोठी नस पांढरी. याहून सरळ हिशोब मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

आमच्या सेंटरला स्वतःचा रिपोर्ट देणारा डॉक्टर नव्हता. मालक व्यापारी माणूस, त्यांनी इंदूरच्या एका रेडिओलॉजिस्टशी ठरवून घेतलं होतं. ते तिथे बसून चार गावांचे रिपोर्ट द्यायचे. पूर्ण चित्रं पाठवायची सोय होती, पण नेट धिम्या चालीचं, वेळ लागायचा, म्हणून मालकांनी सोपा रस्ता काढला होता. फिल्म काढायची, उजेडाच्या पेटीवर लावायची, फोनने फोटो घ्यायचे आणि पाठवायचे. माणसाच्या मेंदूचा फोटो. त्यात खोलीतल्या ट्यूबलाइटची चमक, कधी माझ्याच बोटाची सावली. कोपऱ्यात काडीएवढी रेघ असेल तर ती त्या चमकेत शोधायची. मी हे वर्षानुवर्षं केलं. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा ती रोजचीच गोष्ट होती.

त्या दिवशीही फोटो पाठवले. वर लिहिलं, डावी बाजू नीट पाहावी ही विनंती. टेक्निशियनने याहून जास्त लिहायचं नसतं. दहा मिनिटांत उत्तर आलं. रक्तस्राव नाही. नॉर्मल स्टडी.

मी फिल्म घेऊन शेजारी गेले. डॉक्टर एका पेशंटचं बीपी बघत होते. मी दारातच उभी राहिले.

"सर, त्या फोपनारच्या बाईंच्या सीटीत डावीकडची मोठी नस पांढरी दिसतेय. उजवी बिलकुल साधी आहे. मी पातळ काप काढून पण पाहिलं."

त्यांनी मान वर केली नाही. "रिपोर्ट आ गया?"

"आलाय सर, पण त्यांना नुसते फोटो गेलेत."

"क्या लिखा है?"

"नॉर्मल."

"तो फिर?" आता त्यांनी वर पाहिलं आणि हसले. "मैडम, पिछली बार भी आपकी नस सफेद थी."

बीपी मोजून घेणारा माणूसही हसला. त्याला काय समजलं होतं, कोण जाणे.

"सर, एकदा तुम्ही मशीनवर बघा. भिंतीला भिंत लागून सेंटर आहे. दोन मिनिटं लागतील."

"आप अपना काम कीजिए," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर कदाचित मलाही चढवता आला असता.

मग त्यांनी नवऱ्याला आणि सासूला आत बोलावलं. मी फिल्म टेबलावर ठेवत होते म्हणून मला ऐकू आलं. डॉक्टर मोडक्या मराठीत म्हणाले, "सीटी नॉर्मल आहे. दिमाग में कुछ नहीं है. घरी काही भांडण झालं का? टेन्शन?"

सासू म्हणाली, "भांडण कायले होईल? अन् तिले काही नाही तर तिचा हात का उठत नाही?"

"होता है, माताजी. बायकांना होतं असं. सलाईन लावतो, संध्याकाळपर्यंत पाहू."

बायकांना होतं असं. मी ते वाक्य आजही जसंच्या तसं सांगू शकते, आणि सांगताना आजही माझे कान तापतात. ज्या बाईची अर्धी बाजू आणि सगळी भाषा एका सकाळी गेली, तिला घरच्या भांडणात बसवून ते मोकळे झाले. बरं, रक्तस्राव नाही याचा अर्थ लकवा नाही असा होत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मी कसं मानू? हे तर कोर्सच्या पहिल्या महिन्यात आम्हा टेक्निशियनांना शिकवतात. माझी रेघ एकवेळ बाजूला ठेवा. पडलेला हात समोर होता. त्याला कुठलं मशीन लागत होतं?

साडेनऊ झाले होते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बऱ्हाणपुरात ते तेव्हा मिळत नव्हतं. जळगावला मिळत होतं, आणि जळगाव दोन-अडीच तासांवर. लगेच निघाले असते तर धावपळ होऊन का होईना, वेळेत पोचले असते. इंजेक्शनाने ती बरी झालीच असती, असं मी म्हणत नाही. सगळेच होत नाहीत. पण जायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्या घराचा होता, आणि त्यांना कुणी विचारलंच नाही.

आता माझं सांगते. मी बाहेर आले तेव्हा नवरा व्हरांड्यात उभा होता. त्याने मला पाहिलं. "ताई, मशीनमध्ये काही निघालं का हो?"

मी म्हणाले, "डॉक्टर सांगतील तेच खरं."

एवढंच बोलून मी सेंटरमध्ये परत गेले आणि पुढच्या पेशंटचा गुडघा टेबलावर घेतला. घड्याळाकडे बघत राहिले. दहा, अकरा, बारा. साडेबारा वाजले तेव्हा पिकअप सकाळच्या जागीच उभी असलेली मला खिडकीतून दिसली. पुढे घड्याळ बघायचं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला पुन्हा आणलं. आता ती गुंगीत होती. स्कॅन केलं. मेंदूच्या डाव्या बाजूचा मोठा तुकडा काळा पडला होता, नेमका त्या नसेच्या वाटेवरचा. यावेळी इंदूरहून लांबलचक रिपोर्ट आला. आणि डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं की काल सीटी साफ होती, अटॅक रात्री आला, नशीब.

मी घरी जाऊन हे सगळं सांगितलं. माझे मिस्टर तहसीलमध्ये कारकून, ऑफिसातली भानगड ओळखणारे. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तू सांगितलंस ना त्यांना? मग तुझं काम झालं. आता तोंड उघडशील तर आधी तुझी नोकरी जाईल." ते चुकीचं बोलत नव्हते. पण "तुझं काम झालं" हे मला पटेना. चुकीच्या माणसाला सांगून गप्प बसले होते, एवढंच झालं होतं.

दोन-तीन आठवड्यांनी तो नवरा सेंटरला आला. बायकोला जळगावला दाखवायचं म्हणून दोन्ही स्कॅन हवे होते. मालक काउंटरवर होते. म्हणाले, "रिपोर्ट दिलेत ना, तेवढे पुरे." मी आतून ऐकलं. मी पहिल्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची सीडी काढली, पातळ कापांसकट, आणि त्याच्या हातात ठेवली. मालक माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हणाले, "पेशंटची चित्रं पेशंटची असतात." नियमही तोच आहे.

आठवड्याने तो परत आला, यावेळी आईला घेऊन. जळगावच्या डॉक्टरांनी पहिली सीडी लावली होती आणि मिनिटभरात पडद्यावर पेन टेकवलं होतं. नवऱ्याने त्याचा फोटो काढून आणला होता. पडदा, पेनाचं टोक, आणि टोकाशी ती रेघ.

मालकांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं. मालकांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. मला खरं तर पाणी द्यायला बोलावलं होतं, पण मी पेले ठेवून तिथेच उभी राहिले.

डॉक्टरांनी फोन हातात घेतला, फोटो पाहिला, परत दिला. "देखिए, बाद में सबको दिखता है. दुसऱ्या दिवसाची सीटी समोर असली की पहिल्या दिवसाची कुणीही वाचतो. त्या वेळी दिसायला पाहिजे ना. उस दिन किसी को नहीं दिखा."

एरवी हे म्हणणं योग्य आहे. निकाल कळल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं. पण त्यांच्या तोंडून, त्या खोलीत, माझ्यासमोर ते ऐकून घेणं मला जमेना. मी हातातला ट्रे खाली ठेवला.

"सर," मी म्हणाले, "मला दिसलं होतं. साडेनऊ वाजता मी तुमच्या केबिनमध्ये येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, रिपोर्टमध्ये काय आहे. मी म्हणाले, तुम्ही एकदा येऊन बघा. तुम्ही आला नाहीत."

डॉक्टर मालकांकडे बघत होते, मालक टेबलाकडे. नवरा माझ्याकडे बघत होता. त्याने सावकाश विचारलं, "मग ताई, मले का नाही सांगितलं? मी तुम्हाले विचारलं होतं व्हरांड्यात."

या प्रश्नाला माझ्याकडे सगळी उत्तरं होती. मी डॉक्टर नाही. नियम नाही. मागे एकदा चुकले होते. नोकरी होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी म्हणाले, "घाबरले, दादा."

त्याने मान हलवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. सासू उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तू तर घाबरली, पोरी. हे कोणाले घाबरले?" आणि डॉक्टरांकडे बोट केलं. मग दोघं निघून गेली.

त्या महिन्याच्या शेवटी मालकांनी सांगितलं की नवीन मशीन येतंय, नव्या माणसाला घेतोय. मशीन काही आलं नाही. मी घरी बसले. त्या बाईच्या नवऱ्याने तक्रार केली. मी साक्ष लिहून दिली, वेळेसकट, पातळ कापांच्या उल्लेखासकट, व्हरांड्यातल्या माझ्या उत्तरासकट. वर्षभराने चौकशीचा एक कागद आला. त्यात लिहिलं होतं की उपलब्ध रिपोर्टच्या आधारे केलेला उपचार योग्य होता. उपलब्ध रिपोर्ट. बाई उपलब्ध होती, तिचा हात उपलब्ध होता, भिंतीपलीकडे मशीन उपलब्ध होतं, आणि आधार घेतला तो फोनवर आलेल्या दोन शब्दांचा. मी तो कागद फाडला नाही. कपाटात आहे. कुणी मला विचारलं की आता एवढं काय मनाला लावून घेतेस, तर मी काढून दाखवते.

एक माणूस मात्र बोलला. इंदूरचे ते रेडिओलॉजिस्ट. नोकरी गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी पूर्ण चित्रं मागवून पाहिली होती. म्हणाले, "फोटोत मला ती नस चमकेत गेलेली दिसली. पण मी नीट फोटो मागायला हवा होता. तुमची ओळ मी वाचलीच नव्हती. ब्लीडिंगचा प्रश्न होता, त्याचं उत्तर दिलं आणि पुढे गेलो." मग म्हणाले, "आता मी फोटोवर रिपोर्ट देणं बंद केलंय." मला त्यांचा राग होता, अजूनही थोडा आहे. पण त्यांनी फोन केला. शेजारचे डॉक्टर मला त्यानंतर भाजीबाजारात दोनदा भेटले. दोन्ही वेळा त्यांनी कोथिंबिरीत फार लक्ष घातलं.

फोपनारला मी दोनदा गेले. पहिल्यांदा जाताना वाटलं होतं, दारातूनच परत पाठवतील, पण सासूने चहा ठेवला. ती बाई चालते, उजवा पाय ओढत. उजवा हात कोपरात वाकून छातीशी राहिलेला. शब्द परत आले ते मोजके. सगळ्यांनाच ती "ये" म्हणते, नवऱ्यालाही, मुलीलाही, दारातल्या गाईलाही. मुलगी दहावीत. शाळेतून आली की आईसमोर बसून वस्तू दाखवते आणि नावं वदवून घेते. तांब्या. झारा. पोळी. बाई "पोळी" म्हणाली आणि मुलीने टाळी वाजवली. बाईने डाव्या हाताने कपाळावर मारून घेतलं, एवढ्याशा शब्दाला टाळ्या वाजवून घ्याव्या लागतात म्हणून. तिचा राग मला तेव्हा कळला. आत सगळी बाई शाबूत होती आणि बाहेर यायला वाट नव्हती.

मला दुसरं काम मिळायला सात महिने लागले. खंडव्याला, रोज गाडीने जाऊन येऊन. मुलाखतीत मी सांगितलं की लकव्याच्या पेशंटची चित्रं पूर्ण जातील, फोटो जाणार नाहीत, आणि मला काही वेगळं दिसलं तर मी थेट रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांशी बोलेन. तिथल्या मॅडम डॉक्टर म्हणाल्या, "बोलायलाच पाहिजे. नाही बोललात तर मी विचारीन." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतकं साधं वाक्य होतं.

गेल्या हिवाळ्यात तिथे एक किराणा दुकानदार आला. दुकानात तागडी हातातून सुटली होती, डावा हात पडलेला. उजव्या बाजूची नस पांढरी, दुसरी बाजू साधी. मी फोन उचलला. मॅडम डॉक्टर खाली आल्या, पडद्याशी वाकल्या, लगेच नसांचा दुसरा स्कॅन करायला सांगितला, आणि घरच्यांना उभ्या उभ्या काय झालंय आणि किती वेळ हातात आहे ते सांगितलं. मी फोन उचलल्यापासून पेशंटची गाडी इंदूरच्या रस्त्याला लागेपर्यंत बारा मिनिटं गेली. मी घड्याळ पाहिलं होतं.

तो माणूस पुढे बरा झाला. दोन महिन्यांनी पेढे घेऊन आला, आणि डाव्या हाताने बॉक्स पुढे केला. सगळ्यांनी घेतले, मीही घेतला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण परतीच्या गाडीत चांदनी स्टेशन गेलं तरी माझ्या डोक्यात आनंद नव्हता, बारा मिनिटं होती. इतकंच लागतं. एक फोन, एक जिना, वाकून पाहायचे दोन क्षण. त्यासाठी कुणाला फार हुशार असावं लागत नाही, मोठं शहर लागत नाही. हे जर फारच अवघड असतं, तर फोपनारचं मी कधीतरी नशिबावर सोडून दिलं असतं. पण ते सोपं होतं, आणि ते माझ्यासकट कुणी केलं नाही.